दुसरीच्या मुलांचे डिजिटल पोर्टफोलिओ : काय ठेवावे आणि काय गाळावे?

प्रश्न (दुसरीची वर्गशिक्षिका)

नमस्कार. माझ्या वर्गात सात-आठ वर्षांची २८ मुले आहेत. वर्षाच्या सुरुवातीपासून मी प्रत्येक मुलाचा डिजिटल पोर्टफोलिओ ठेवू लागले. चित्रे, वहीची पाने, मातीकाम, प्रयोग करतानाचे क्षण असे सारे टॅबवर टिपायचे, मुलाच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचे आणि पालकांना ते घरबसल्या पाहता यावे, एवढीच माझी कल्पना होती. आता सहामाही संपताना प्रत्येक फोल्डरमध्ये ४० ते ५० छायाचित्रे आहेत. पालकसभेच्या तयारीसाठी ती पाहत बसले, तेव्हा लक्षात आले की अमुक मूल या काळात काय शिकले, हे त्यांवरून मला स्वतःलाच सांगता येत नाही. हसरे चेहरे पुष्कळ आहेत. शिकणे मात्र दिसत नाही.

दुसरी अडचण अधिक बोचते. काम अर्धवट असतानाच मुले ‘बाई, फोटो काढा ना’ म्हणत येतात, आणि ज्यात खाडाखोड आहे असे पान दाखवायला तयार होत नाहीत. पालकही छायाचित्रे मोजतात आणि ‘आमच्या मुलीची कमी का?’ असे विचारतात. पोर्टफोलिओत नेमके काय ठेवावे, आणि २८ मुलांसाठी हे करायला वेळ कोठून आणावा, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

उत्तर १ (प्राथमिक वर्गांवर दीर्घकाळ शिकवणारी शिक्षिका)

तुमच्याकडे जमला आहे तो अल्बम आहे. ती वाईट गोष्ट नाही, पण अल्बमातून वाढ दिसत नाही, कारण त्यातील कोणतीही दोन छायाचित्रे एकमेकांशेजारी ठेवून पाहता येत नाहीत. आज मातीचा बैल, उद्या बेरजेचे पान, परवा पानांची नक्षी. यांत तुलना कशाची करणार? माझा एकच आग्रह असतो. वर्षातून तीनदा, सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी, अगदी तेच काम त्याच सूचनेने द्यावे आणि ते तीन नमुने पोर्टफोलिओचा कणा मानावेत. बाकी सारे त्याभोवती.

एक उदाहरण देते. ‘काल काय केले ते लिहा’ एवढीच सूचना मी तिन्ही वेळा देते. एका मुलीने पहिल्या वेळी लिहिले होते, ‘मी बागेत गेले. मी खेळले. मी घरी आले.’ तिन्ही वाक्ये शुद्ध, अक्षर नेटके. शेवटच्या वेळी तिने लिहिले की पाऊस आला म्हणून आम्ही झाडाखाली थांबलो, पण दादा भिजला कारण तो चेंडू आणायला गेला होता. या लेखनात सहा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या आणि दोन ठिकाणी अनुस्वार राहिले होते. गुण द्यायचे असते तर कदाचित पहिल्या नमुन्यालाच अधिक मिळाले असते. परंतु ‘म्हणून’, ‘पण’ आणि ‘कारण’ हे तीन शब्द तिच्या लेखनात आले, म्हणजे घटनांमधला संबंध ती लिहून मांडू लागली. आणि चुका वाढल्या त्या मोठी वाक्ये लिहिण्याचे धाडस केल्यामुळे. दोन्ही पाने शेजारी ठेवल्यावर आईवडिलांना हे समजावून सांगायला मला पाच मिनिटेही लागली नाहीत.

खाडाखोडीचे पान मुले का लपवतात, याचे उत्तर आपल्याच निवडीत असते. आपण आजवर स्वच्छ पानांचीच छायाचित्रे काढली, मुलांनी त्यावरून नियम ओळखला.

उत्तर २ (गणिताचे शिक्षक)

वरील म्हणणे पटते, पण मग एक शंका विचारायलाच हवी. तीन पाने शेजारी ठेवायची असतील तर पुठ्ठ्याची फाइल काय वाईट? मी बरीच वर्षे तीच वापरली, आणि छायाचित्रांपुरते पाहिले तर आजही तीच बरी वाटते. कागद हातात घेता येतो, पेन्सिलीचा दाब दिसतो. डिजिटल साधनाचा खरा फायदा कागदावर न राहणाऱ्या गोष्टींसाठी आहे, आणि त्यांतली पहिली म्हणजे मुलाचा आवाज.

५२ वजा २७ या उदाहरणाचे उत्तर एका मुलाने ३५ लिहिले होते. पानाचे छायाचित्र काढले असते तर ‘चूक’ एवढेच कळले असते. मी त्याला ‘कसे केलेस ते सांग’ म्हटले आणि ध्वनिमुद्रण सुरू केले. तो म्हणाला, ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून मी सातातून दोन घालवले. पाच. मग पाचातून दोन, तीन.’ म्हणजे मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा स्वतःचा नियम त्याने बनवला होता आणि तो काटेकोरपणे पाळला होता. तीन आठवड्यांनी, दशकाचे गठ्ठे सोडवून झाल्यावर, तेच उदाहरण पुन्हा दिले; तेव्हा ‘एक दशक सोडवला, आता बारातून सात’ असे तो बोलला. ही दोन ध्वनिमुद्रणे मिळून दीड मिनिटाचीही नाहीत. त्याच्याविषयी इतके सांगणारा दुसरा पुरावा माझ्याकडे नाही. प्रकट वाचनाचेही असेच आहे. तोच उतारा दोनदा वाचून घेतला, तर अडखळणे कोठे कमी झाले हे मुलाला स्वतःला ऐकू येते.

उत्तर ३ (बालशिक्षणाची अभ्यासक)

मला ‘फोटो काढा ना’ या वाक्याविषयी लिहायचे आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना चित्रे काढायला मुळातच आवडते अशी तीन ते पाच वर्षांची मुले त्यांनी निवडली आणि त्यांतील काहींना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधीच सांगितले. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिले, तेव्हा या मुलांनी चित्रांना दिलेला वेळ इतरांच्या जवळपास निम्म्यावर आला होता. ज्यांना प्रशस्तिपत्र अचानक, न सांगता मिळाले, त्यांच्यात अशी घट दिसली नाही. छायाचित्र म्हणजे प्रशस्तिपत्र नव्हे, हे मान्य. पण प्रत्येक कामानंतर ते काढायचेच असे ठरले आणि घरून अंगठे येऊ लागले, तर त्याचा परिणाम त्याच दिशेने होईल असे मला वाटते. म्हणून टॅब रोज वर्गात फिरवू नये, आणि पसंतीची चिन्हे बंद ठेवता येत असतील तर ठेवावीत.

निवड मुलाकडे द्या. पण ‘सर्वांत छान कोणते?’ असे विचारले तर मूल सुबक पानच उचलणार. ‘कोणते करताना सर्वांत जास्त विचार करावा लागला?’ किंवा ‘कोणते आता पुन्हा केलेस तर वेगळे करशील?’ असे विचारून पाहा. खाडाखोडीचे पान आपोआप बाहेर येते.

छायाचित्राखाली ‘सुंदर प्रयत्न’ असे लिहिण्याऐवजी मुलाने काय केले, त्यातून काय कळते आणि पुढे काय करता येईल, हे तीन-चार वाक्यांत लिहावे. न्यूझीलंडमधील मार्गारेट कार यांनी बालवाडीच्या मूल्यमापनासाठी ‘शिकण्याच्या गोष्टी’ ही पद्धत मांडली, तिचा गाभा हाच आहे. तिथे अशा नोंदी पुष्कळदा मुलालाच उद्देशून लिहिल्या जातात, आणि मुले त्या पुन्हा पुन्हा वाचून घेतात.

उत्तर ४ (शाळेचे संगणक काम पाहणारा)

थोडे कोरडे, पण आवश्यक. आठ मेगाबिट प्रतिसेकंद या दराने काढलेला एक मिनिटाचा व्हिडिओ सुमारे ६० एमबी होतो. ६४ किलोबिट दराचे एक मिनिटाचे ध्वनिमुद्रण अर्धा एमबीही भरत नाही. २८ मुलांचे प्रत्येकी तीन नमुने धरले तर एकीकडे पाच जीबी आणि दुसरीकडे चाळीसेक एमबी. वरच्या गणिताच्या उदाहरणात चेहरा दिसण्याची गरजच नव्हती, हेही लक्षात घ्यावे.

छायाचित्रात काढल्याच्या ठिकाणाची नोंद आपोआप साठू शकते. टॅबच्या कॅमेऱ्याला स्थान वापरण्याची परवानगी देऊ नका. एका मुलाच्या फोल्डरमध्ये शेजारच्या मुलाचा चेहरा जाणार असेल, तर त्या दुसऱ्या पालकांची संमती लागते, आणि हेच बहुतेक ठिकाणी विसरले जाते. शक्यतो हात आणि काम एवढेच चौकटीत घ्यावे. कोणतेही ॲप घेण्यापूर्वी दोन गोष्टी स्वतः करून पाहाव्यात : एका मुलाचे सारे साहित्य साध्या फाइलींच्या रूपात बाहेर काढता येते का, आणि खाते पूर्ण पुसता येते का.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल मुलांनाच बसवून प्रत्येकाकडून सहा नोंदी निवडून घेतल्या, बाकीची छायाचित्रे पालकांना देऊन पुसणार आहे. वेळेचे गणित असे मांडले आहे : आठवड्याला पाच मुले, प्रत्येकी सात-आठ मिनिटे, म्हणजे सहा आठवड्यांत वर्गाची एक फेरी पूर्ण होते. एकच गोष्ट अडते. एक मुलगी टॅब समोर आला की बोलतच नाही. तिच्या आवाजाची नोंद कशी घ्यावी?

उत्तर १ मधील शिक्षिका

तिला टॅबशी बोलायला लावू नका. ती मैत्रिणीला समजावून सांगत असेल तेव्हा, तिला आधी विचारून, टॅब बाजूला पालथा ठेवून मुद्रण करा आणि नंतर सर्वांत आधी तिलाच ऐकवा. ठेवायचे की पुसायचे ते तिने ठरवावे. ‘पुसा’ म्हणाली तर तिच्यादेखत पुसा. ती जे बोलली ते तुम्ही आपल्या शब्दांत दोन ओळींत लिहून ठेवा आणि त्या ओळीही तिला वाचून दाखवा. माझ्या वर्गातल्या अशाच एका मुलाने चौथ्या खेपेला माझ्या ओळी ऐकून ‘मी असं नाही म्हणालो’ म्हटले आणि बरोबर काय ते स्वतःहून सांगितले.