मदत हवी आहे: साताऱ्यातून प्लस साइज मॉडेलिंग, पोर्टफोलिओवर ३५ हजार घालू का?

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. वय २४, उंची ५ फूट ६, कुर्ती ३ एक्सेल, मुक्काम सातारा. कपड्यांचे कॅटलॉग आणि जाहिराती करायच्या आहेत, रॅम्पचं वेड नाही. एका स्टुडिओने पोर्टफोलिओचे (काम मागताना दाखवायचे फोटो) मेकअप, तीन ड्रेस आणि छापील अल्बम मिळून ३५ हजार सांगितलेत. हे नसेल तर एजन्सी दारात उभी करत नाही, असं त्यांचं म्हणणं. खरं आहे का? मुंबईला बिऱ्हाड हलवावं लागेल का? आणि पैसे कसे मिळतात?

टेपवाला:
ताई, ३५ हजार घालू नका. छापील अल्बम आता कोणी उघडत नाही. एजन्सी किंवा कास्टिंगवाले आधी मागतात ते 'डिजिटल्स', म्हणजे बिनमेकअपचे साधे फोटो. ते घरी फुकट निघतात.

कोरी भिंत, तिच्यापासून तीन फूट पुढे उभं राहायचं, नाहीतर मागे सावली पडते. उजेड समोरच्या खिडकीचा. अंगाला बसणारा काळा टॉप आणि लेगिंग. ढगळ कुर्त्यात शरीराचा आकार कळत नाही आणि इथे तोच बघायचा असतो. फोन कमरेच्या उंचीवर, आठ-दहा फुटांवर, २एक्स झूमवर. जवळून साध्या लेन्सने काढलं की कडेचे दंड-मांड्या ताणल्यासारखे दिसतात, आणि डोक्याच्या उंचीवरून काढलं की पाय आखूड. पुढून, दोन्ही बाजूंनी, पाठमोरा, आणि चेहऱ्याचे दोन: एक हसरा, एक न हसता. वीस सेकंद चालण्याचा व्हिडिओ. फिल्टर नाही.

शेपवेअर (पोट-कंबर आवळून धरणारे आतले कपडे) घालून मापं आणि फोटो देणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. सेटवर शेपवेअरशिवाय कपडा घातला की चेन लागत नाही. अशा मॉडेलला पुन्हा कोणी बोलवत नाही.

दुसरं, '३ एक्सेल' हे माप नव्हे. एका कंपनीचं ३ एक्सेल छातीला ४६ भरतं, दुसरीचं ४८. इंचात लिहा: छाती, छातीखालचा घेर, कंबर, सीट, मांडी, दंड, अनवाणी उंची, चपलेचा नंबर. दंड विसरू नका, आपल्याकडे ब्लाउज-कुर्तीची बाही तिथेच अडकते. दर महिन्याला मापं पुन्हा घ्या आणि तारीख टाका.

माहुलीकर:
बिऱ्हाड हलवायची घाई नको. पुणे एसटीने ११० किलोमीटरच्या आसपास, सकाळी जाऊन रात्री परत. मुंबईसाठी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस आहे, सकाळी सीएसएमटीला उतरवते (स्टेशन माहुलीला, रिक्षाचे पैसे धरा). कास्टिंग बरंचसं व्हिडिओवर होतं, जायचं ते ट्रायल आणि शूटला. कुर्ती-साडीचे कॅटलॉग सुरतेतही भरपूर. इचलकरंजी जवळ आहे खरी, पण तिथे कापड जास्त, तयार कपडे कमी. त्यामुळे मॉडेलचं काम फारसं निघत नाही.

सुरुवातीला राजपथ, पोवई नाक्याकडची दुकानं बघा. दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी त्यांना रील्स लागतात, आणि मोठ्या मापाचे कपडे बारीक मुलीला घालून दाखवले की गिऱ्हाईक विचारतंच, 'हे मला कसं दिसेल?' तिथून चार चांगले फोटो मिळाले की पोर्टफोलिओ आपोआप झाला.

चेनसुई:
फोटोंच्या बदल्यात फुकट काम दोन-तीनदा ठीक, त्यापुढे नाही. तेही लिहून घ्या: किती फोटो, किती दिवसांत, मोठ्या आकारात मिळणार का. नाहीतर तीन महिन्यांनी व्हॉट्सॅपवरचे पुसट तुकडे हाती येतात.

टेपवाला:
चेनसुईंशी सहमत, पण दुकानाचं जाहिरातीचं शूट असेल तर पहिल्या दिवसापासून पैसे मागा. ते फोटो विक्रीला लागतात.

पैशाचं गणित असं. कॅटलॉग दिवसावर किंवा कपड्यावर ठरतं. दिवसात चाळीसेक कपडे बदलावे लागतात, म्हणून 'दिवस' म्हणजे किती तास हे आधी विचारा. वेबसाइटचा दर वेगळा, होर्डिंगचा वेगळा. कुठे आणि किती काळ वापरणार हे करारात नसेल तर एकदाच पैसे देऊन फोटो वर्षानुवर्षं फिरतो. एजन्सी साधारण २० ते ३० टक्के घेते, तेही काम मिळाल्यावर. आधी नोंदणी फी मागितली की उठून या. पैसे ४५ ते ९० दिवसांनी येतात, बऱ्याचदा १० टक्के टीडीएस (देणाऱ्याने आधीच कापलेला आयकर) कापून. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो. पॅन कार्ड लागतंच. घरच्यांना सांगा, पहिलं वर्ष पगारासारखं नसतं.

आणि 'फिट मॉडेल'चं काम विचारून ठेवा. त्यात फोटो नसतो. कंपनीचा मास्टर तुमच्या अंगावर नमुना चढवून कुठे आवळतंय, कुठे झोळ पडतोय ते बघतो. चेहरा-उंचीपेक्षा मापं कंपनीच्या ठरलेल्या साइजशी जुळणं आणि एका इंचाच्या आत स्थिर राहणं महत्त्वाचं. 'काखेत ओढतंय, हात वर केला की सुटतं' असं नेमकं सांगता आलं पाहिजे. बोलवणं पुन्हा पुन्हा येतं, म्हणून मला तरी हेच काम जास्त भरवशाचं वाटतं.

माहुलीकर:
रॅम्पबद्दल एवढंच, २०१६ला लॅक्मे फॅशन वीकमध्ये प्लस साइजचा वेगळा शो झाला, खुल्या ऑडिशन्स घेऊन. पण रॅम्प वर्षाचे मोजके दिवस, कॅटलॉग बारा महिने.

चेनसुई:
शूटच्या पिशवीत: अंगाच्या रंगाची शिवण न दिसणारी इनरवेअर, स्ट्रॅपलेस ब्रा, काळी आणि पांढरी लेगिंग, स्वतःच्या नंबरच्या चपला, सेफ्टी पिना, मांड्या घासतात म्हणून आतली सायकलिंग शॉर्ट. मोठ्या मापाच्या या वस्तू सेटवर मिळत नाहीत. कपडा सैल असेल तर स्टायलिस्ट पाठीत क्लिपा लावतो. घट्ट असेल तर इलाज नाही, म्हणून मापं कमी सांगू नका.

कृष्णाकाठची:
खूप आभार, स्टुडिओला नाही कळवते. दंडाचं माप नक्की कुठे घ्यायचं?

टेपवाला:
काखेखाली दोन इंचांवर, हात सैल सोडून. टेप आवळायची नाही. डावा-उजवा वेगळा भरला तर मोठा आकडा लिहा.