प्रतिसाद: आयात करताना तारखा चुकीच्या महिन्यात का जातात

खात्यातील व्यवहारांची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आयात केल्यावर रकमा बरोबर येतात, पण काही नोंदी भलत्याच महिन्यात दिसतात, या आपल्या अडचणीचे मूळ बहुधा तारखेच्या स्तंभात आहे. ०३/०४/२०२४ ही तारीख दिवस-महिना आणि महिना-दिवस अशा दोन्ही क्रमांनी वैध असल्यामुळे सॉफ्टवेअर ती कोणतीही सूचना न देता स्वीकारते. १२ पेक्षा मोठा दिवस आला तरच त्रुटी उघड होते. म्हणून क्रम आपोआप ओळखण्यावर न सोडता तो स्वतः निश्चित करावा, आणि शक्य असल्यास मूळ फाइलच वर्ष-महिना-दिवस या क्रमाने मागवावी.

खाते क्रमांकाचा स्तंभ संख्या न ठेवता मजकूर म्हणून ठेवावा, अन्यथा सुरुवातीची शून्ये गळतात. एक्सेल संख्येचे केवळ १५ सार्थ अंक जपत असल्याने, फाइल त्यात उघडून पुन्हा साठवली तर १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, आणि ही हानी नंतर भरून काढता येत नाही.

जमा आणि नावे यांचे स्तंभ वेगळे असल्यास चिन्हाचा नियमही, म्हणजे कोणती रक्कम अधिक आणि कोणती उणे धरायची हे, ठरवावा. आयातीनंतर आरंभीची शिल्लक आणि सर्व नोंदींची बेरीज मिळून अखेरची शिल्लक येते का, हे अवश्य पडताळावे.