देवीचा व्रण आणि सीताबर्डीची मेट्रो

वर एकांनी लिहिलंय, "संयुक्त राष्ट्रं म्हणजे नुसत्या गप्पा, आपल्या नागपूरला काय उपयोग?" सुरक्षा परिषदेबद्दल म्हणत असाल तर मान्य. पाच कायम सदस्यांपैकी एकानं नकाराधिकार वापरला की विषय खलास. पण सगळं सहकार्य त्या एका खोलीत होत नाही.

घरातल्या साठीपुढच्या कुणाचाही दंड बघा, देवीच्या लशीचा व्रण सापडेल. माझ्या आईच्या दंडावर तर दोन आहेत. शीतयुद्ध ऐन भरात असताना, १९५८ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्याच जागतिक आरोग्य संघटनेत देवी रोगाच्या निर्मूलनाचा प्रस्ताव मांडला सोव्हिएत रशियानं. पुढे त्या जागतिक मोहिमेचं नेतृत्व केलं डी. ए. हेंडरसन या अमेरिकन डॉक्टरनं. आपल्याकडचा शेवटचा रुग्ण १९७५ चा, आणि १९८० मध्ये देवी जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेल्यांनी हे केलं, बाप्पा!

आणि सीताबर्डीला मेट्रो बदलता ना? तिच्यामागे जर्मनीची सरकारी बँक केएफडब्ल्यू आणि फ्रान्सची सरकारी विकाससंस्था एएफडी यांचं कर्ज आहे. फेडायचंय ते, दान नव्हे.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्याचं पहिलं कलम 'सगळे पुरुष' असा अर्थ निघेल अशा शब्दांनी सुरू होणार होतं. तिथं 'सगळी माणसं' आलं ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांच्या आग्रहामुळे. त्याचा दिवस १० डिसेंबर. बऱ्याचदा त्याच सुमारास इथं विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चे अडवलेले असतात.