भाऊ हॉस्टेलवरच्या टोमण्यांनी खचलाय, काय करावं? (इंजिनिअरिंग, मुंबई)

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही धडगावकडचे (नंदुरबार) पावरा आदिवासी. धाकटा भाऊ मुंबईत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आल्या आल्या पोरांनी सीईटीचं पर्सेंटाइल विचारलं. कोट्यातून आलाय का हे बघायला विचारतात, इथं अनेकांना ठाऊक असेलच. मग सुरू झालं, 'तुमचं बरंय, फी नाही, टेन्शन नाही.' ग्रुप प्रोजेक्टमध्ये याच्याकडे फक्त प्रिंट काढायचं काम. फोनवर पावरीत, म्हणजे आमच्या बोलीत, बोलायला लागला की मागून कुणीतरी नक्कल करतं. आता तो माझ्याशीही मराठीतच बोलतो. आईला मराठी धड येत नाही, त्यामुळे त्या दोघांचं बोलणं जवळपास बंदच.

रात्री झोप नाही. व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) आदल्या दिवशी पोटात कळा येतात, पण रिपोर्ट सगळे नॉर्मल. विषय येतो त्याला. सुट्टीत गावातल्या बारावीच्या पोरांना गणित शिकवत होता, फळ्यापुढे एकदम मोकळा. सर समोर बसले की मात्र गप्प.

मी शिक्षक आहे, म्हणून शोधून वाचलं. १९९५ मध्ये अमेरिकेत स्टील आणि ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केला होता. 'या पेपरात तुमची बौद्धिक क्षमता मोजणार' म्हटल्यावर कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्या विद्यार्थ्यांच्या मागे पडले, तसं न सांगता दिला तेव्हा फरक बराच कमी झाला. भावाचं मला हेच वाटतं. 'मी कोट्यातलाच' असं आता तो स्वतःच म्हणतो. जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का, हेही थेट विचारलं. नाही म्हणाला. पण २०१९ मध्ये मुंबईत हॉस्टेलवर डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टरनं आत्महत्या केली, तेव्हापासून आईनं हॉस्टेलची धास्तीच घेतलीय.

यूजीसीच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे कॉलेजात भेदभावविरोधी अधिकारी हवा. आहेत, पण ते याच्याच डिपार्टमेंटचे सर, इंटर्नल मार्क त्यांच्याच हातात! भाऊ म्हणतो, 'दादा, तू मधे पडू नको.' समुपदेशक मॅडम म्हणाल्या, 'इग्नोर कर, सगळेच एकमेकांना चिडवतात.'

आदिवासी मुलांचं हे दुखणं समजणारे कुणी समुपदेशक मुंबईत माहीत आहेत का? टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कुणी बोललंय का, पुन्हा फोन केला तर तोच माणूस मिळतो का? अशी लेखी तक्रार कुणी केली असेल तर पुढे मार्कांवर काही परिणाम झाला का, तेही सांगा. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात हलवायचंही डोक्यात आहे, तिथं आपली पोरं भेटतील. भाऊ म्हणतो, ते पळून जाणं होईल. मला नाही तसं वाटत. तिथं राहिलेल्यांनी जरूर लिहा, त्याला वाचून दाखवेन.