एकाच टाइमलाइनवर बऱ्याच व्हिडिओ क्लिप घेऊन आवाजाचं काम कसं करायचं?

खर्जातला
नमस्कार मंडळी. एकाच व्यक्तीच्या मुलाखतीच्या दहा-बारा क्लिप आहेत. त्या जोडायच्या नाहीत, शेवटीही वेगवेगळ्याच राहणार. आवाज मात्र सगळीकडे सारखा हवा. सध्या प्रत्येकीचं वेगळं प्रोजेक्ट केलंय, त्यामुळे एका ठिकाणी ईक्यू (जाड-बारीक सूर कमी-जास्त करणारं सेटिंग) हलवला की बाकीची सगळी उघडत बसावं लागतं. आवाजाचं काम मी ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये करतो, पण त्यात चित्रच दिसत नाही. त्यात काही क्लिप मोबाइलवरच्या आहेत, त्यांत सुरुवात नीट असते पण शेवटाकडे ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. सगळं एकत्र घेऊन काम होईल का?

फेडरवाला
होईल, आणि तसंच करा. सॉफ्टवेअर मात्र बदलावं लागेल. ऑडॅसिटी व्हिडिओतून फक्त आवाज उचलतं. लॉजिक प्रो या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये एका प्रोजेक्टला एकच मूव्ही. रीपर या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ क्लिप हा साध्या ऑडिओसारखाच आयटम (टाइमलाइनवरचा तुकडा) असतो, हव्या तितक्या टाका. मी अशी कामं त्यातच करतो.

पण आधी मोबाइलच्या क्लिपचा निकाल लावा. मोबाइल बहुतेक वेळा व्हेरिएबल फ्रेम रेटने शूट करतो, म्हणजे दोन फ्रेममधलं अंतर कमी-जास्त होत राहतं. जे सॉफ्टवेअर ते अंतर सारखंच आहे असं धरून चालतं, तिथे चित्र हळूहळू सरकतं. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून फ्रेम रेट मोड बघा. व्हेरिएबल दिसला तर हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमध्ये कॉन्स्टंट (कायम सारखा) फ्रेम रेट निवडून नवी फाइल काढा. आवाज ताणून जुळवायच्या फंदात पडू नका. बिघाड चित्रात असताना आवाजाला शिक्षा कशाला?

मग प्रोजेक्टचा सॅम्पल रेट 48 किलोहर्ट्झवर ठेवा, क्लिप एकामागोमाग एकाच ट्रॅकवर लावा आणि दोघींच्या मध्ये दहाएक सेकंद मोकळे सोडा. ही मोकळी जागा महत्त्वाची आहे. नाहीतर एका क्लिपच्या रिव्हर्बची (घुमण्याच्या इफेक्टची) शेपटी पुढच्या क्लिपच्या तोंडात जाते, आणि कॉम्प्रेसरही (मोठा आवाज दाबणारा इफेक्ट) आधीच्या मोठ्या आवाजाने दबलेला असतानाच पुढची क्लिप सुरू होते. आवाज कमी-जास्त असेल तर तो आयटमच्या व्हॉल्यूमने आधी सारखा करा, ईक्यू आणि कॉम्प्रेसर मात्र ट्रॅकवर एकदाच. शेवटी प्रत्येक क्लिपवर एक रीजन (टाइमलाइनवर आखलेला, नाव दिलेला पट्टा), आणि त्याला फाइलचंच नाव.

शांतपट्टी
फेडरवालांशी एका बाबतीत सहमत नाही. नॉइज रिडक्शन ट्रॅकवर टाकू नका. एका क्लिपमध्ये पंख्याची घरघर, दुसरीत एसीचा गुंजारव, एकच प्रोफाइल (आवाजातल्या गोंगाटाचा नमुना) दोघांना कसं चालेल? ते आयटमवर, प्रत्येकाचं वेगळं. आणि लाउडनेस जुळवताना नुसत्या एलयूएफएसच्या (लाउडनेस मोजायच्या एककाच्या) आकड्यावर जाऊ नका. एखाद्या क्लिपला संगीत असेल तर आकडा सारखा येऊनही बोलणं मात्र खाली गेलेलं असतं. फक्त बोलण्याचा तुकडा मोजा.

फेडरवाला
हे बरोबर, आयटमवरच टाका. मी ईक्यू आणि कॉम्प्रेसरपुरतंच बोलत होतो.

खर्जातला
मीडियाइन्फोत बघितलं, मोबाइलच्या सगळ्या क्लिप व्हेरिएबल निघाल्या. आता एक्सपोर्टचं सांगा. रीपरमधूनच एमपी4 काढू का?

फेडरवाला
निघतो, पण चित्र पुन्हा एन्कोड होतं. वेळही जातो आणि दर्जाही थोडा उतरतो, तेही ज्या चित्राला आपण हातच लावला नाही त्याचा. रीपरमधून रीजनप्रमाणे फक्त वेव्ह फाइली काढा. मग एफएफएमपेग या कमांडवर चालणाऱ्या व्हिडिओ टूलने चित्र जसंच्या तसं कॉपी करून जुन्या आवाजाच्या जागी नवी वेव्ह एएसी या ऑडिओ फॉरमॅटमध्ये बसवा. काही सेकंदांत एक क्लिप तयार होते.

यात अट एकच: रीजन क्लिपच्या पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत हवा. सुरुवातीची शांतता नको म्हणून रीजन अर्धा सेकंद पुढे ओढलात तर आख्खी क्लिप अर्ध्या सेकंदाने चुकेल. शांतता नकोच असेल तर आधी चित्र कापा, मग आवाजाला बसा. आणि चित्रात अजून बदल व्हायचे असतील तर आत्ता थांबाच.

शांतपट्टी
आणि तपासताना प्रत्येक क्लिपचा शेवटचा अर्धा मिनिट बघा. सुरुवात जुळलेली असते म्हणून लोक तेवढंच बघून पाठवून देतात.