लायसनचं पिस्तूल, कोर्टाची तारीख आणि 'डिकीत टाका' हा सल्ला

गोदाकाठची वकील:
परवा इथे एकाने सल्ला दिला: "परवाना आहे ना, मग बिनधास्त कोर्टात न्या. गेटवर अडवलंच तर गाडीच्या डिकीत टाका, तारीख उरकून परत घ्या." खाली कित्येकांनी त्याला दुजोरा दिलाय. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

नाशिकला सीबीएसजवळच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या, आपल्या जिल्हा न्यायालयात मी रोज उभी असते. वाटणीचे दावे, फारकती, धनादेशाच्या केसेस. एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं तिथे एकाच बाकावर बसून पुकाऱ्याची वाट बघतात. तिथे हत्यार नको म्हणजे नको. सप्टेंबर २०२१ मध्ये दिल्लीच्या रोहिणी कोर्टात वकिलांच्या वेशातल्या दोघांनी भर कोर्टरूममध्ये एका गँगस्टरला गोळ्या घातल्या. जून २०२३ मध्ये लखनौच्या कोर्टातही तेच, पुन्हा काळा कोट. गेटवरच्या शिपायाने कुणाच्या चेहऱ्यावरून काय ओळखायचं?

आणि डिकी! स्कूटरची डिकी चोर मिनिटभरात उघडतो. पिस्तूल चोरीला गेलं, त्यातून पुढे कुणाचा जीव गेला, तर पहिला फोन तुम्हाला येणार. परवान्याचा अर्ज करताना सुरक्षित साठवणुकीची लेखी हमी तुम्हीच दिलेली असते. ड्रायव्हरकडे देऊन जाणारेही पाहिलेत. परवान्यावर रिटेनर म्हणून, म्हणजे तुमच्या वतीने हत्यार बाळगायची परवानगी असलेला माणूस म्हणून, त्याचं नाव नसेल, तर तो बिनपरवाना हत्यार बाळगतोय. अडकणार दोघंही. तारखेच्या दिवशी पिस्तूल घरी, खाली करून, कपाटात कुलपात ठेवा.

बाराबोर निफाड:
ताई, तुमचं घर कोर्टापासून रिक्षाच्या अंतरावर असेल. माझा मळा आहे निफाडच्या पुढं. बांधावरून सतरा वर्षं भावकीशी दावा चाललाय. समोरच्यानं मला उघड सांगितलंय, "तारखेला येशील तेव्हा बघतो." परवाना जीविताच्या संरक्षणासाठी मिळाला आणि माझा जीव धोक्यात असतो तो नेमका तारखेच्या दिवशी. मी कुठून निघणार, किती वाजता निघणार, कोणत्या रस्त्यानं परतणार, त्याला सगळं ठाऊक असतं. त्याच दिवशी तुम्ही म्हणता घरी ठेवा. मग बाळगायचं कधी, ऊस तोडताना?

आणि नियमाचं म्हणाल, तर परवान्याच्या अटी मीही वाचल्यात. जत्रा, धार्मिक मिरवणूक, जनसमुदाय, शाळा-कॉलेजचं आवार इथं नेऊ नये असं लिहिलंय. कोर्ट त्यात नाही.

गोदाकाठची वकील:
भाऊ, अर्धीच अट वाचलीत. हत्यार फक्त सद्हेतूने आणि परवान्यात लिहिलेल्या कारणासाठीच बाळगायचं, हेही तिथेच आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयासमोर २०२३ मध्ये हाच प्रश्न आला होता. एक तरुण वकील कोर्टाच्या आवारात हत्यार घेऊन फिरला, त्याचा परवाना रद्द झाला आणि उच्च न्यायालयाने त्याला दिलासा दिला नाही. कोर्टाच्या आवारात हत्यार म्हणजे सार्वजनिक सुरक्षेला धोका, असं स्पष्ट म्हटलं.

बाराबोर निफाड:
तो निकाल उत्तर प्रदेशचा. आपल्यावर बंधनकारक नाही, हे तुम्हीच सांगायला हवं होतं.

गोदाकाठची वकील:
बंधनकारक नाही, मान्य. पण इथल्या परवाना अधिकाऱ्याने त्याच धर्तीवर शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली तुमचा परवाना रद्द केला, तर तुम्ही अपिलात जाणार आणि तोवर पिस्तूल जमा. मग येताना नाही, जाताना नाही आणि मळ्यातही नाही.

सराफ बाजार:
जमा करण्याचा विषय काढलातच, तर माझंही ऐका. २०२४ मध्ये मे महिन्यात लोकसभा, नोव्हेंबरमध्ये विधानसभा. दोन्ही वेळा हत्यार जमा करायची नोटीस. माझ्यावर एक साधा अदखलपात्र गुन्हा नाही. दुकान सोन्याचं, रात्री माल घेऊन घरी जायचं. एका ठाण्यात रिव्हॉल्वर जमा केलं, परत मिळालं तेव्हा सिलेंडर फिरेना. गंज! वडिलांच्या हातचं हत्यार, दर रविवारी तेल देऊन फडक्यात ठेवायचो. विचारलं तर उत्तर, "असंच आणलं होतं तुम्ही."

निवृत्त फौजदार, सिडको:
साहेब, असंच होतं. निवडणुकीत ठाण्यात हत्यारांचा ढीग लागतो आणि त्याला तेलपाणी करायला माणूस नसतो. पण जमा करताना पंचनाम्यासारखी पावती घ्यायची असते. मेक, नंबर, स्थिती, काडतुसं. तुम्ही घेतली होती का?

सराफ बाजार:
पावतीवर नुसतं "एक रिव्हॉल्वर". मी स्थिती लिहा म्हणालो, तर वेळ नाही म्हणाले. आणि सरसकट जमा करायला सांगायचा अधिकार तरी कुठे आहे? निवडणुकीच्या वेळी परवाने तपासणाऱ्या छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करायचा असतो. गुन्हे दाखल असलेला, जामिनावर असलेला, आधी दंगलीत सापडलेला, त्याचं घ्या ना. आमचं का?

बाराबोर निफाड:
आमच्या गावात तर बिबट्याच्या भीतीनं घेतलेल्या बाराबोरसुद्धा जमा. ऊसतोड चालू आणि बंदूक ठाण्यात. बिबट्याला आचारसंहिता लागू होते का?

पंचवटीकर:
अहो, २०२७ ला सिंहस्थ कुंभमेळा आहे. मेळ्यात हत्यार न्यायचं नाही, मग ज्यांची घरंच रामकुंडाच्या गल्लीत आहेत त्यांनी काय करायचं? दारातून पाऊल टाकलं की आम्ही मेळ्यात!

निवृत्त फौजदार, सिडको:
घरात ठेवायला मनाई नाही. खास परवानगीशिवाय मेळ्यात घेऊन फिरू नका, एवढंच. उगाच गोंधळ वाढवू नका.

गोदाकाठची वकील:
निवडणूक, बिबट्या, कुंभ. मूळ प्रश्न होता डिकीचा. तुमच्या तक्रारी खोट्या नाहीत, पण रोज कोर्टात उभं राहणाऱ्यांच्या जिवाचं इथे कुणालाच पडलेलं दिसत नाही. फारकतीच्या केसमध्ये नवऱ्याने मला जिन्यात अडवून "बाहेर ये, दाखवतो" म्हटलंय. त्याच्या शर्टाखाली काय होतं मला आजही माहीत नाही. त्या जिन्यात तुमचा सद्हेतू मी कसा ओळखायचा?

बाराबोर निफाड:
आणि माझ्या रस्त्यावर माझ्या मागं येणाऱ्याचा मी कसा ओळखायचा? तुमच्या पाठीशी बार असोसिएशन आहे. माझ्या पाठीशी कोण?

पंचवटीकर:
हत्यार काढून घेतलं म्हणजे कोर्ट सुरक्षित झालं असं नाही. नागपुरात ऑगस्ट २००४ मध्ये अक्कू यादवला कोर्टातच मारलं, तेव्हा पिस्तूल नव्हतं. चाकू आणि दगड होते.

गोदाकाठची वकील:
मग चाकूही अडवा! त्यासाठी पिस्तुलाला वाट द्यायची?

निवृत्त फौजदार, सिडको:
शांत व्हा दोघंही. माझी बरीच वर्षं बंदोबस्तात गेली. गेटवरचा शिपाई हत्यार ठेवून का घेत नाही सांगतो. त्याच्याकडे त्यासाठी नोंदवही नाही, लोखंडी कपाट नाही. घेतलं आणि हरवलं तर नोकरी गेली. म्हणून तो फक्त "आत नेऊ नका" म्हणतो आणि माणूस डिकीकडे वळतो. बाहेर बाळगायचं तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकून आणि आपल्या ताब्यात. डिकीतलं हत्यार कुणाच्याच ताब्यात नसतं. निफाडकर, इथे वकीलबाई बरोबर आहेत. पण वकीलबाई, "घरी ठेवा" एवढं सांगून या माणसाची परतीची वाट सुटत नाही, हेही ऐका.

बाराबोर निफाड:
डिकीत मी कधीच टाकत नाही आणि टाकावं असं म्हणालोही नाही. ते परवाच्या शहाण्याला सांगा. आवारात नेऊ नये, हेही एक वेळ मान्य करतो. मनापासून नाही, पण करतो. गेटवर ठेवायची सोय द्या, मग बोला.

गोदाकाठची वकील:
गेटबाहेर पोलिसांच्या ताब्यातली कुलूपबंद कपाटं आणि तपासणीच्या आधीच जमा, यावर माझा आक्षेप नाही. ज्याला धमकी आहे त्याने त्यासोबत संरक्षणाचा लेखी अर्जही करावा. तोंडी धमकीवर कुणी हलत नाही. कपाटांच्या मागणीचं पत्र प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना आणि पोलीस आयुक्तांना द्यायला मी तयार आहे. मसुदा मी लिहिते, सह्या तुम्ही गोळा करा.

सराफ बाजार:
सही देतो. पण पावतीवर हत्याराची स्थिती लिहिण्याचा रकाना हवा आणि घेणाऱ्याची सही बक्कल नंबरासकट.

बाराबोर निफाड:
काडतुसांची मोजणी समोरासमोर. आणि कपाट कोर्ट उठेपर्यंत उघडं मिळालं पाहिजे. पाच वाजता चावीवाला घरी गेला, तर मी रात्रीचा निफाडला मोकळ्या हातानं जायचं का?

गोदाकाठची वकील:
वेळेचा मुद्दा घेते. मसुदा रविवारी इथेच टाकते.