'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस': भूक खरी वाटली, प्रेम नाही

केतकीचं_बन

आधीच सांगते, रहस्यभेद भरपूर आहे. वाचायचं असेल त्यांनी इथूनच मागे फिरा. चाहत्यांनी हलके घ्या.

सारा जे. मास यांची ही कादंबरी २०१५ची. माझ्या हातात आत्ता आली, भाचीमुळे. "मावशी, दोन रात्रींत संपवशील" म्हणाली. मला अकरा दिवस लागले, त्यातले सात मधल्या दीडशे पानांत गेले.

गोष्ट अशी. फेरा (उच्चार असाच आहे, लग्नातल्या फेऱ्यांशी संबंध नाही) ही १९ वर्षांची मुलगी. बाप एकेकाळचा बडा व्यापारी. जहाजं बुडाली, सावकारांनी येऊन गुडघा फोडला, तेव्हापासून तो लाकूड कोरत बसलेला. थोरल्या दोघी बहिणी इकडची काडी तिकडे करत नाहीत. ही एकटी भर हिवाळ्यात रानात शिकारीला जाते आणि चार तोंडं भरते. एके दिवशी लांडगा मारते, तो निघतो फे, म्हणजे माणसांचा मुलुख जिथे संपतो त्या भिंतीपलीकडच्या जादूवाल्या अमर लोकांपैकी. मग एक श्वापद दार फोडून घरात येतं, जिवाच्या बदल्यात जीव मागतं आणि तिला पलीकडे घेऊन जातं. हे श्वापद म्हणजे टॅमलिन, वसंत दरबाराचा देखणा अधिपती, चेहऱ्यावर न निघणारा मुखवटा. म्हणजे 'ब्यूटी अँड द बीस्ट'च.

सुरुवातीची पन्नासेक पानं मला मनापासून आवडली. भुकेनं माणूस कसा हिशेबी होतो ते बाईंनी नेमकं पकडलंय. समोर हरणी, पलीकडे लांडगा, आणि हिच्या डोक्यात मांस किती दिवस पुरेल याचा हिशेब. घरी तिघी बहिणी एकाच पलंगावर झोपतात, कपड्यांना कपाट एकच. त्याचे तीन खण हिने उरल्यासुरल्या रंगांनी रंगवलेत: एका बहिणीच्या खणावर ज्वाळा, दुसरीच्या खणावर फुलं, स्वतःच्या खणावर रात्रीचं आकाश. पांढरा रंग नव्हता म्हणून चांदण्या पिवळ्या. तिथे मी पुस्तक मिटून जरा वेळ नुसती बसले.

मग ती हवेलीत पोचते आणि पुस्तकातली हवाच जाते. खायला रग्गड, रंग-कुंचले हजर, काम काही नाही. आणि प्रेम? टॅमलिनला शाप आहे. ४९ वर्षांच्या आत, फे लोकांचा द्वेष करणाऱ्या आणि त्यांच्यातल्या एकाला मारणाऱ्या मानवी मुलीने 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हटलं तर सुटका. म्हणजे लांडगा मुद्दाम पाठवलेला, जिवाच्या बदल्यात जीव वगैरे थोतांड. पोरीला हे कळेपर्यंत मुदत टळून गेलेली. आपल्याकडे असं स्थळ जमवलं तर लोक पोलिसात जातील.

अग्निरात्रीचा, म्हणजे फे लोकांच्या सणाचा, प्रसंग तर माझ्या घशाखालीच उतरला नाही. तिला खोलीत राहायला सांगितलेलं असतं, ती बाहेर पडते. टॅमलिन जादूच्या अमलाखाली तिला भिंतीशी दाबून मानेला चावतो. दुसऱ्या दिवशी टेबलावर तो वळ दिसतो, तेव्हा म्हणतो काय, की तिने सांगितलेलं ऐकलं नाही त्याला मी जबाबदार नाही. आणि हे सगळं चेष्टामस्करीच्या सुरात!

शेवटी डोंगराखाली, हा शाप देणाऱ्या दुष्ट राणी अमरांथाच्या कैदेत, ही त्याच्यासाठी तीन परीक्षा देते, हाडं मोडून घेते, आणि हा राणीशेजारी ढिम्म. एकदाची दोघांना एकांतात दोन मिनिटं मिळतात, तर सुटकेचं काही बोलायचं सोडून चुंबनं. हे कुणाला प्रेम वाटलं असेल तर का वाटलं, ते सांगा.

झुळूक२४

ताई, या मालिकेतलं दुसरं पुस्तक वाचा आणि मग या. तुम्हाला खटकलेली एकूण एक गोष्ट त्यात वसूल होते. टॅमलिन तिला 'तुझ्या भल्यासाठी' घरात कोंडतो, ती आतून मोडते, आणि मग आपण मागे वळून बघतो तर सगळी लक्षणं पहिल्याच पुस्तकात होती. चावणं, 'ऐकलं नाही' म्हणणं, ढिम्म बसणं.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना वाचलं. टॅमलिन मला प्रचंड आवडला होता. दुसरं वाचल्यावर स्वतःचीच लाज वाटली, की मला हे गोड कसं वाटलं? माझ्यासारख्या मुलीला पुस्तकाने आधी फसवलं आणि मग फसवलं कसं ते दाखवलं. तुम्ही पहिल्याच वाचनात ओळखलंत, कारण तुम्ही मावशी आहात. :)

निवडुंग

वा. म्हणजे पहिलं पुस्तक फसलंय हे कळायला दुसरं विकत घ्यायचं. उडप्याकडे इडली आंबट लागली तर 'साहेब, डोसा मागवा, मग इडली का आंबट होती ते समजेल' असं कुणी सांगितलं तर आपण ऐकून घेऊ का?

आणि त्या कोड्याबद्दल कुणी बोलणार आहे का? राणी फेराला कोडं घालते, उत्तर दिलंस तर सगळे तत्क्षणी मोकळे. उत्तर आहे 'प्रेम'. प्रेमासाठी घर सोडून, प्रेमासाठी डोंगराखाली शिरलेल्या नायिकेला हे सुचायला तीन महिने आणि एक मोडलेली मान लागते. आमच्या सोसायटीतल्या हळदीकुंकवाला याहून अवघड उखाणे होतात.

सांजवात

निवडुंग, कोड्यावर +१. पण उत्तर वाचकाला आधी कळणं आणि फेराला उशिरा कळणं यात गंमत असू शकते. ती कुणाकडून प्रेम न मिळालेली मुलगी आहे. तो शब्द तिच्या तोंडी येत नाही, म्हणून तर शापाची मुदतही टळते. याच न बोललेल्या शब्दावर अख्खं पुस्तक उभं आहे. कोडं बाळबोध आहे, कबूल. अडखळणं बाळबोध नाही.

झुळूक, माझा आक्षेप वेगळा. टॅमलिनला वाईट ठरवून तुम्ही ज्याला डोक्यावर घेता तो रिसँड, दुसरा फे अधिपती, याच पुस्तकात काय करतो? रोज रात्री तिला मंतरलेली वाइन पाजून, अंगभर रंग लावून, भर दरबारात नाचवतो. सकाळी तिला काही आठवत नाही. पुढे स्पष्टीकरण येतं की ते तिला वाचवायलाच होतं. म्हणजे पुन्हा 'तुझ्या भल्यासाठी'! एकाला माफी नाही आणि दुसऱ्याला पंख फुटले म्हणून माफी?

माझी लेक चौदाची आहे. हे पुस्तक आलं तेव्हा कुमारवयीन मुलांच्या कपाटात ठेवायचे. २०२० मध्ये नव्या मुखपृष्ठांसह प्रौढांसाठी म्हणून काढलं. उशिरा का होईना, शहाणपण. मी तिला नाही म्हटलेलं नाही. पण वाचशील तेव्हा त्या चावण्याच्या पानावर आपण बोलू, असं ठरवलंय.

झुळूक२४

सांजवात, वाइनचा मुद्दा मान्य, तो मलाही नीट पचलेला नाही. पण एक फरक आहे. फेराला लिहितावाचता येत नाही. दुसऱ्या परीक्षेत भिंतीवर प्रश्न लिहिलेला, समोर तीन खटके, वरून तापलेले खिळे खाली येतायत, आणि हिला अक्षरं लागत नाहीत! तेव्हा रिसँड तिच्या हातावर गोंदलेल्या डोळ्यातून वेदना पोचवून चुकीच्या खटक्यापासून तिला थोपवतो. आणि पुढच्या पुस्तकात तिला बसवून वाचायला शिकवतो. कोंडून ठेवणारा आणि अक्षर देणारा सारखे कसे?

उंबरठा

मी तसा या धाग्यावर आगंतुक. प्रणयकथा फारशा वाचत नाही, लोककथांच्या नादाने हे पुस्तक उचललं. टॅमलिनवर अन्याय होतोय असं वाटलं म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे अक्षरांचं. टॅमलिनही पहिल्याच पुस्तकात मदत देऊ करतो, तीच फणकारते. नंतर तिने न समजलेल्या शब्दांची यादी करून टाकून दिलेली त्याच्या हाती लागते आणि तो ते सगळे शब्द वापरून वात्रट पाच-पाच ओळींच्या कविता रचून तिला ऐकवतो. दोघं खळखळून हसतात. केतकीताई, मधल्या दीडशे पानांत तुम्हाला प्रेम दिसलं नाही म्हणता. मला ते त्या चिठोऱ्यात दिसलं.

दुसरं, हे नुसतं 'ब्यूटी अँड द बीस्ट' नाही. टॅमलिन हे नाव स्कॉटलंडच्या एका जुन्या पोवाड्यातून आलंय, 'टॅम लिन'. कवी रॉबर्ट बर्न्सने दिलेला त्याचा पाठ १७९६ मध्ये छापला गेला. सेलकर्कजवळच्या कार्टरहॉच्या रानात जॅनेट नावाची तरुणी गुलाब तोडते, तिथे टॅम लिन तिला अडवतो. तो मूळचा माणूस, फे राणीने पळवलेला. राणी दर सात वर्षांनी नरकाला एक जीव खंडणी म्हणून देते आणि या खेपेला आपली पाळी येईल अशी त्याला धास्ती. हॅलोवीनच्या रात्री फे लोकांची स्वारी निघते तेव्हा जॅनेटने त्याला घोड्यावरून खेचून धरून ठेवायचं. तो तिच्या मिठीत साप होतो, अस्वल होतो, सिंह होतो, शेवटी धगधगता निखारा. तिने सोडायचं नाही. बस, एवढीच परीक्षा.

म्हणून टॅमलिन ढिम्म का, या तक्रारीचं मला नवल वाटलं. त्या पोवाड्यात वाचवणारी ती आणि वाचणारा तो, हेच तर आहे. आता मजा बघा. काही पाठांत हरलेली राणी चडफडून म्हणते, की हे आधी ठाऊक असतं तर तुझं मांसाचं काळीज काढून दगडाचं बसवलं असतं. कादंबरीत तिसऱ्या परीक्षेत फेराला तिघांच्या छातीत ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचा खंजीर खुपसायचा असतो, तिसरा निघतो टॅमलिन, आणि खंजिराचं टोक आत कशावर तरी अडतं. काळीज दगडाचं असतं! पोवाड्यातल्या राणीची राहून गेलेली इच्छा इथल्या राणीने आधीच पुरी केलेली असते, आणि त्याच दगडामुळे तो वाचतो. ते वाचून मी खुर्चीत उठून बसलो.

(अवांतर: फे म्हणजे 'परी' नको. परी म्हटलं की छडी आणि झगमग फ्रॉक. स्कॉटलंडचे लोक त्यांचं नाव घ्यायलाही भ्यायचे, 'भले शेजारी' म्हणायचे. आमच्या गावी रात्री सापाला 'लांबडं' म्हणतात, तसंच. नाव घेतलं तर येईल ही भीती. मास बाईंच्या फे लोकांची मला ती भीती वाटत नाही. लोखंड त्यांना बाधत नाही आणि खोटंही खुशाल बोलतात. जुन्या कथांतला फे खोटं बोलत नसे, शब्दांत अडकवत असे. ती खुमारी गेली.)

निवडुंग

उंबरठा, दगडाच्या काळजाचं माहीत नव्हतं, टोपी काढली. पण लेखिकेला पोवाडा ठाऊक होता याने तिने लिहिलेलं प्रेम आपोआप खरं होत नाही. जॅनेट निखारा छातीशी धरते. फेरा निखारा धरते तेव्हा टॅमलिन दुसऱ्या मजल्यावर असतो.

केतकीचं_बन

सगळ्यांचे आभार. काल रात्री पुन्हा चाळलं.

उंबरठा, चिठोऱ्याचं पान मी वाचलं होतं आणि विसरले होते. छान आहे, मान्य. मी टॅमलिनला प्रेम जमतच नाही म्हणाले ते मागे घेते. त्याला ते तेवढं एकदाच जमतं असं म्हणते. पण पोवाड्याचा दाखला मला उलटाच लागू वाटला. जॅनेटला काय होणार ते टॅम लिन स्वतः आधी सांगतो: मी साप होईन, तू घाबरू नकोस, सोडू नकोस. सगळं ठाऊक असून ती उभी राहते. फेराला कुणी काही सांगत नाही. तिच्याकडून करवून घेतात. माझ्या पोटात दुखतं ते तो ढिम्म बसतो म्हणून नव्हे, त्याने आधी तोंड उघडलं नाही म्हणून. तो शापाने बांधलेला होता हे मला दिसतंय, पण मग बाईंनी शाप असा का रचला?

झुळूक, दुसरं पुस्तक भाचीने कालच आणून टेबलावर ठेवलंय. पहिल्याहून जाड आहे.

झुळूक२४

वाचाच! आणि ताई, तुम्ही ज्या खणापाशी पुस्तक मिटून बसलात ना, त्यावर रात्रीचं आकाश होतं. रिसँड कुठल्या दरबाराचा अधिपती आहे? रात्रीच्या. पहिल्या पुस्तकात, हवेली दिसायच्याही आधी, तिने स्वतःच्या हाताने स्वतःचं घर रंगवून ठेवलंय. आम्ही मुली या एका खणावर तासन्‌तास बोलतो.

केतकीचं_बन

अगं, हे सुचलंच नव्हतं. छान बांधलंय.

पण मला तिथे अजून त्या पिवळ्या चांदण्याच दिसतात. पांढऱ्या रंगाला पैसे नव्हते.